नॉमिनी आणि दोन जावा

बँकेत लागून मला चारच महिने झाले होते, तेव्हा साहेबांनी मला उत्तनला पाठवलं. तिथल्या मासे विकणाऱ्या बायकांना बँकेचे नियम सोप्या भाषेत सांगायचे होते. आदल्या दिवशी पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या घरी मी आईसमोर भाषण करून बघितलं. ‘नामनिर्देशन’ शब्द आला आणि आई उठून कुकर बघायला गेली.

हॉलमध्ये पन्नासेक बायका होत्या. मी माइक धरून म्हणाले, “दोन वर्षं काही व्यवहार केला नाही, तर खातं निष्क्रिय होतं.”

कोणी हललंसुद्धा नाही. मी कागदावरून मान वर केली.

“म्हणजे खातं झोपतं!”

हशा पिकला. पहिल्या रांगेतली मावशी उठली. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात मी तिच्याकडूनच मासे घ्यायचे.

“माझं पन झोपलंय वाटतं. पैसं गेलं काय?”

“नाही हो मावशी, तिथेच आहेत. आधार, पॅन घेऊन या, केवायसी करू. तुम्ही कोण, ते बँकेला दाखवायचं.”

“मी कोन? दर रविवारी पापलेट नेतेस नि मला वळखत न्हायस?”

“मी ओळखते! पण बँकेचा कम्प्युटर मासे खात नाही ना!”

आता मला चेवच आला. नॉमिनीचं सांगायला घेतलं. आपल्यामागे बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, पण तेवढ्याने तो मालक होत नाही, त्याने ते वारसांना द्यायचे. बायकांच्या कपाळावर आठ्या. मावशीच त्यांच्याकडे वळली.

“अगं, जेवायला जाताना मी पाटी शेजारनीकडं ठेवते. म्हनून मासली तिची होते काय? न्हाय. ती नॉमिनी!”

टाळ्या पडल्या. मी टाइप केलेलं भाषण पर्समध्ये कोंबलं आणि त्या भरात विचारून बसले, “मग तुमची नॉमिनी कोण?”

असं चारचौघांत विचारायचं नसतं. जीभ चावेपर्यंत उत्तर आलंही होतं.

“माझी जाव.”

तिसऱ्या रांगेत एक बाई ताडकन उभी राहिली. “माझं नाव घातलंस?”

बाजूच्या बाईने माझ्या कानात सांगितलं, बोंबील वाळवायच्या जागेवरून दोघी सहा वर्षं बोलत नाहीत.

“भांडन भांडनाच्या जागी,” मावशी ठसक्यात म्हणाली. “माझ्या पोरांचा एक पैसा तुझ्याकडनं इकडचा तिकडं न्हाय व्हायचा, मला ठाव हाय.”

जाऊ रडायला लागली, रडता रडता हसायला लागली, आणि मग सगळा हॉलच हसत सुटला. माइक माझ्या तोंडापाशी तसाच. माझं खिदळणं भोंग्यातून बाहेर रस्त्यापर्यंत गेलं म्हणे.

सोमवारी दोघी एका रिक्षातून शाखेत आल्या. मावशीचं खातं उठवायला टाकलं. जाऊबाई काउंटरवर कोपर टेकून हळूच म्हणाल्या, “बाय, मला पन तो फॉर्म दे. हिचं नाव घालायचंय.”

मला पुन्हा हसू फुटलं. साहेब केबिनमधून बाहेर आले, तरी थांबेना.