जांभळावर चढलेलं यंत्र

त्या वर्षी मे महिन्याची सुट्टी लागली आणि अंबरनाथच्या आमच्या कॉलेजातल्या रोबोटिक्स लॅबची किल्ली प्रिन्सिपॉल सरांनी माझ्या हातात ठेवली. "मुलं आली तर शिकवा मॅडम, नाहीतर कुलूप घालून खुशाल गावाला जा," ते म्हणाले.

मुलं आली दोघंच, तिसऱ्या वर्षाची. मुलगी बारवी धरणाजवळच्या पाड्यावरची. मुलगा उल्हासनगरचा, सिंधी. त्याच्या काकांचं गाड्यांच्या जुन्या पार्ट्सचं दुकान होतं, त्यामुळे त्याच्या बॅगेत डब्याशेजारी एखादी वायपरची मोटर ठरलेली.

मी नेहमीसारखी सोप्यापासून सुरुवात केली. फरशीवर काळी पट्टी चिकटवायची आणि तिच्यावरून आपली आपण धावणारी गाडी करायची. गाडी धावली. मुलाने टाळ्या वाजवल्या. मुलीने नुसती मान डोलावली.

"काय गं, आवडली नाही?"

"आवडली ना मॅडम. पण घरी दाखवली तर आई म्हणेल, बरं, मग?"

मग तिने सगळं सांगितलं. त्यांच्या घरामागे जांभळाचं उंच झाड होतं. जांभळाची फांदी ठिसूळ असते. आदल्या उन्हाळ्यात जांभळं काढताना तिचे वडील वरून पडले, पाठ दुखावली. आता हिंडत-फिरत होते, पण झाडाकडे पाहायचे नाहीत. आईने घरात कुणालाच चढू द्यायचं नाही असं ठरवून टाकलं. आकडीने खालची जांभळं निघायची, वरची तिथेच सडायची.

"चढेल असं काही करता येईल का, मॅडम?"

इतकी वर्षं मी प्रोजेक्ट करून घेत होते. एका ठरावीक झाडासाठी यंत्र मागणारं पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं. मी हो म्हणून बसले.

मग आमचा उन्हाळा त्यातच गेला. खोडाला मिठी मारेल अशी लोखंडी चौकट केली, तिला चाकं लावली, चाकांवर सायकलची ट्यूब गुंडाळली, पुढे फळ तोडायला खालून बटणाने चालणारा चिमटा बसवला. लॅबबाहेरच्या कॉरिडॉरमधल्या खांबावर ते हातभर चढायचं आणि घसरून धप्पकन खाली यायचं. शुक्रवारी वीज जायची. मग आम्ही अंगणातल्या गुलमोहराखाली डबे उघडून बसायचो. कधी कैरीचं लोणचं, कधी मुलाच्या आईने दिलेली कोकी, म्हणजे जाडजूड सिंधी पोळी. तिथेच मी त्यांना घर्षण पुन्हा एकदा शिकवलं, गुलमोहराच्या खोडावर तळहात दाबून. वर्गात हाच धडा घेताना अर्धी मुलं जांभया द्यायची. इथे मुलगा ताडकन उठला. "मॅडम, मतलब स्प्रिंग अजून टाइट पायजे!"

स्प्रिंग बदलली. वायपरच्या मोटरचा एक गुण आम्हाला उपयोगी पडला: वीज बंद केली तरी ती वजनाने उलटी फिरत नाही. एके दुपारी यंत्र गुलमोहरावर चढलं आणि तिथेच चिकटून राहिलं. आम्ही तिघं खालून नुसते बघत होतो.

पाड्यावर गेलो तेव्हा जांभळं काळीभोर झाली होती. शेजारपाजारचे जमले. मुलीची आई पदर खोचून उभी राहिली. "ह्यो वर जानार?" तिने मला विचारलं. वडील पडवीत खाटेवर बसून होते, आमच्याकडे पाठ करून.

यंत्र गेलं, अगदी वरच्या बेचक्यापर्यंत. मग त्याच्या पुढच्या चिमट्याने पहिलं जांभूळ धरलं आणि चिरडलं. दुसरं धरलं, तेही चिरडलं. खाली मुलाच्या शर्टावर जांभळा रस टपकला.

"मॅडम, हे तर ज्यूसर झालं," तो रडवेला होऊन म्हणाला.

लोक हसले. मीही हसले असते, पण मुलीचा चेहरा पाहिला. ती वर बघत विचार करत होती. "तोडायलाच कशाला पाहिजे?" ती हळूच म्हणाली. "पिकलेलं जांभूळ फांदी हलवली तरी पडतं."

आम्ही यंत्र खाली घेतलं. चिमट्यात लांब दोरी बांधलेला आकडा धरवला आणि पुन्हा वर पाठवलं. तिसऱ्या खटपटीला आकडा फांदीत अडकला. खाली बायकांनी जुनी लुगडी ताणून धरली. मुलाने दोरी ओढली, फांदी जेमतेम हलली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "अरे, अशी न्हाय. झोका दे तिला."

वडील खाटेवरून उठून आले होते. त्यांनी दोरी स्वतःच्या हातात घेतली, मान वर करून झाडाकडे पाहिलं आणि सावकाश झोका दिला. जांभळांचा सडा लुगड्यांत पडला. आईने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मग कुणी कुणाला आवरलं नाही. मुठी भरभरून खाल्ली, सगळ्यांच्या जिभा जांभळ्या.

आता आमच्या लॅबमध्ये तयार किट येतात. खोकं उघडा, जोडा, चालवा. मुलं हुशार आहेत, माझी तक्रार नाही. पण मे महिन्यात रिकाम्या कॉरिडॉरमधून जाताना त्या खांबाशी पाय रेंगाळतात. त्याच्यावर ट्यूबचे काळे ओरखडे अजून आहेत, आणि रंगारी आला की मी त्याला तेवढा भाग सोडायला सांगते.

मुलगी पुण्याच्या एका कंपनीत यंत्रं बनवते. मुलगा काकांच्या दुकानात बसतो आणि मागच्या बाजूला शाळेच्या पोरांना मोटरी जोडायला शिकवतो. मध्यंतरी मुलीचा फोन आला होता. म्हणाली, "मॅडम, आमचे बाबा आता ते यंत्र आम्हाला हातसुद्धा लावू देत नाहीत. म्हणतात, तुम्हाला जमायचं नाही."