हंसाकाकीचं जाळं

चारोटी मागे पडली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हंसाकाकी अनवाणी पुढे, भाविनी चपला ओढत मागे. नरपडहून महालक्ष्मीला दर चैत्रात चालत जायचा काकीचा नेम. यंदा शेजारची, अंगणवाडीत शिकवणारी भाविनीही निघाली होती.

"किनारा झाडायला आलेल्या त्या पोरांच्या शर्टावर क्लीन अप लिहिलेलं, ते काय गं?" काकीनं विचारलं.

भाविनी मराठी शाळेत शिकलेली, तरी तेवढं इंग्रजी तिला येत होतं. नुसतं क्लीन म्हणजे स्वच्छ; अप जोडलं की पडलेला पसारा उचलून जागा पार साफ करायची. खेळून झाल्यावर पोरांना आपण आवरा म्हणतो ना, तसं, असं तिनं समजावलं.

"पसारा पोरांचा म्हणून पोरांनी आवरायचा. माझं जाळं त्यांनी का आवरावं?"

गेल्या रविवारचं ते सगळ्या गावानं पाहिलं होतं. शहरातल्या पोरापोरींनी किनाऱ्यावरच्या बाटल्या, पिशव्या वेचल्या. काकीनंच त्यांना पाणी पाजलं. मग ती वाळलेला जवळा घरात ठेवायला गेली, तेवढ्यात त्यांनी तिचं जाळं गुंडाळून कचऱ्याच्या ट्रॉलीत टाकलं. होडीवर निकामी झालेलं जाळं बायका वाळूवर अंथरतात आणि त्यावर जवळा वाळवतात, म्हणजे त्याला रेती लागत नाही. पाहुण्यांना तो कचरा वाटला. काकी ट्रॉलीवर चढली ती जाळ्यावरच बसली. फाटलंय ते, एक मुलगी समजुतीनं म्हणाली. गोधडी फाटली की तुझी आई कचऱ्यात टाकते काय, काकीनं विचारलं. पोरं हसली आणि जाळं खाली आलं.

पण येत्या रविवारी त्याच सफाईचा मोठा कार्यक्रम. एका दिवसाचा प्रश्न आहे, किनारा मोकळा ठेवा, असं गावच्या पुढाऱ्यांनी बजावलं. बाकीच्या बायकांनी जाळी उचललीही. नवरा गेल्यावर काकीनं याच जागेवर जवळा वाळवून दोन मुली वाढवल्या, उजवल्या. आज एका दिवसासाठी उठलं तर पुढे कायमचं उठवतील, हे तिच्या मनानं घेतलं होतं.

देवळाचा कळस दिसला तशी भाविनीनं हात जोडले. देवीला सांगू, ती बघेल, असं हळूच म्हणाली.

काकीनंही हात जोडले, पण ती थांबली.

"देवीला माझं मी सांगेन. तुला वेगळं सांगायचंय. रविवारी मी जाळ्यावर बसणार. एकटी बसले तर म्हातारी खुळावली म्हणतील. तू माझ्या शेजारी येऊन बस."