ट्रॉली, विंच आणि खाली उभा वैजनाथ

केडगावचा शांतवन भिंगारदिवे झाडं उतरवतो. ‘तोडतो’ म्हटलेलं त्याला आवडत नाही. रानातलं झाड कोणीही तोडेल. घराच्या पत्र्यावर, विजेच्या तारेवर किंवा शेजाऱ्याच्या टाकीवर झुकलेलं झाड मात्र तुकड्यातुकड्याने खाली आणावं लागतं. तो वर चढतो, कमरेच्या पट्ट्याने स्वतःला बांधून घेतो आणि करवतीचं मशीन सुरू करतो. फांदीला आधीच दोरी बांधलेली असते. ती वरच्या बेचक्यातून खाली येते, बुंध्याला एक वेढा घेते आणि तिचं टोक वैजनाथ ढाकणेच्या हातात असतं. फांदी सुटली की वैजनाथ दोरी बेताबेताने सैल सोडतो. काम संपल्यावर दुसऱ्या दोरीने शांतवनलाही तोच खाली घेतो.

ही दोरी सोडली तर शांतवनचा कशावरच भरवसा नाही. मशीनचं पेट्रोल तो स्वतः खुणा केलेल्या बाटलीतच घेतो, पंपाचा काटा काहीही सांगो. भाजीवाल्याने आपणहून मेथीची जुडी जास्त दिली, तर तो ती तिथेच उलगडून आत काय आहे ते बघतो. “ह्यांना चर्चच्या दारात कोणी गुड मॉर्निंग म्हटलं,” त्याची बायको रेबेका सांगते, “तरी हे विचारतात, का?”

अशा माणसाला यंदा पावसाळ्याआधी ट्रॉली घ्यायची होती.

आतापर्यंत तो भाड्याची ट्रॉली बोलवायचा. उसाचा हंगाम सुरू झाला की भागातल्या झाडून साऱ्या ट्रॉल्या कारखान्याच्या वाटेला लागतात आणि तोडलेल्या फांद्या लोकांच्या दारात पडून राहतात. हंगाम संपल्यावर ट्रॉली मिळते, पण मोठी मिळते, आणि मोठ्या ट्रॉलीचा वेगळाच ताप आहे. नगरकडे अशी रीत आहे की तोडणाऱ्याने लाकूड न्यायचं आणि त्याचं मोल मजुरीतून वजा धरायचं. ते मोल किती, हे झाड बघून ठरत नाही. दारात गाडी केवढी उभी राहिली, यावरून मालक ठरवतो. चार चाकांची ऊसवाहू ट्रॉली फाटकाशी लागली की घरमालकाचे डोळे बारीक होतात. एवढी मोठी गाडी आणली, म्हणजे याला आपल्या झाडात काहीतरी दिसलेलं आहे.

शिवाय दोन प्रकारचा माल असतो. फांद्या जागा खातात, खोड वजन खातं. फांद्यांसाठी उंच कडांची ट्रॉली हवी. ओल्या खोडासाठी मजबूत एक्सल आणि मागे कलून ओतणारा हायड्रोलिक जॅक हवा, नाहीतर भरायला जेवढा वेळ, तेवढाच उतरवायला. पिकअप रस्त्यावर पळते, पण केडगावच्या गल्ल्यांत वळत नाही आणि हाताने रिकामी करावी लागते. शांतवनची कामं सगळी जवळपासची. त्यामुळे फळबागेत चालतो तसा छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन चाकांची, कडा काढता-घालता येणारी ट्रॉली, इथपर्यंत त्याचं डोकं चाललं होतं.

वैजनाथचं म्हणणं वेगळं. तो पाथर्डीकडचा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला. ट्रॉलीवर चढण्या-उतरण्यात त्याचं लहानपण गेलेलं.

“मिरजगावला चार चाकी ट्रॉली हाय, भाऊ. हंगाम संपलाय, मालक देऊन टाकतोय. आपन मोठा ट्रॅक्टर भाड्यानं लावू.”

“मालक कोण?”

“अमृत म्हनून हाय. वळखीचा हाय.”

“कशी ओळख?”

“आता वळख कशी असती? वळख असती.”

वैजनाथ कधी कशाची शिफारस करत नाही. चहाचं हॉटेलसुद्धा सुचवत नाही. तोच माणूस आठवडाभर एकाच ट्रॉलीबद्दल बोलत होता. हे शांतवनच्या मनात रुतलं.

आधी तो राहुरीला गेला, एकटाच. वैजनाथला त्याने नातेवाइकाच्या लग्नाला चाललोय असं सांगितलं. राहुरीत राधाकृष्ण नावाच्या माणसाची शेड आहे. तो शेतकऱ्यांना हव्या तशा ट्रॉल्या बांधून देतो आणि विंचही, म्हणजे तारेने वजन चढवणारं-उतरवणारं यंत्रही, विकतो. हे शांतवनने महिन्यापूर्वीच ऐकून रेबेकाला सांगितलं होतं. शांतवनला हवी तशी ट्रॉली तिथे तयारच होती. जाळीच्या उंच कडा चार खुंट्यांवर बसवलेल्या, काढल्या की नुसता सपाट तळ. आणि छोट्या ट्रॅक्टरच्या मागे बसणारी विंच. ड्रमवर तार गुंडाळलेली, हातात रिमोट.

“फांदी कितीबी जड असू द्या,” राधाकृष्ण म्हणाला. “बटण दाबायचं, सुटलं. दोरी धरायला माणूस ठेवायची गरजच नाही.”

शांतवनने विंचेची दातेरी चाकं बघितली, तारेवरून चिंधी फिरवून कुठे धागा तुटलाय का ते पाहिलं. राधाकृष्णचं शेवटचं वाक्य त्याने ऐकलं नाही असं नाही. ऐकलं, आणि घरी येईपर्यंत ते त्याच्याबरोबर होतं. दोरी धरणाऱ्या माणसाची रोजची मजुरी वाचली तर किती, हा हिशेब त्याने मनात मांडला आणि मग तसाच सोडून दिला.

दोन दिवसांनी तो मिरजगावला गेला. हेही एकट्याने, आणि नाव खोटं सांगून. अमृत बोलघेवडा होता. ट्रॉलीला ताजा निळा रंग लावलेला होता. शांतवन खाली वाकला आणि एक्सलच्या मध्यावर किल्लीने खरवडलं. रंगाखाली वेल्डिंगची जाड गाठ निघाली. एक्सल कधीतरी मोडून जोडलेला होता. त्याने काहीच दाखवलं नाही. उठून हात झटकले.

“लवकर सांगा,” अमृत म्हणाला. “केडगावचं एक गिऱ्हाईक लागलंय. तो सोता अजून आला न्हाई, पण त्याचा माणूस आपलाच हाय. तो आनतो बरोबर.”

“आपला म्हणजे?”

“म्हंजी त्याचं काय ते आमी बघनार.” अमृतने डोळा मारला. “धंदा हाय, पाव्हनं.”

परतीच्या रस्त्यावर शांतवनने मोटरसायकल एका लिंबाखाली थांबवली आणि बराच वेळ तिथे उभा राहिला. त्याचा संशय खरा ठरला होता. आयुष्यात क्वचितच असं घडलं होतं की संशय इतका स्वच्छ खरा ठरावा. त्याला त्याचं समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण उद्या सकाळी त्याला केडगावातच कडूबाई नावाच्या बाईंच्या अंगणातलं शिरीषाचं झाड उतरवायचं होतं आणि दोरी वैजनाथच धरणार होता. दुसरा माणूस त्याच्याकडे नव्हता. असता तरी नवख्याच्या हातात दोरी देऊन तो चढला नसता.

कडूबाईंच्या अंगणातला शिरीष शेजारच्या टाकीवर कलला होता. पालिकेची परवानगी हातात होती. कडूबाई वयाने मोठ्या, आवाजानेही. भाड्याची मोठी ट्रॉली फाटकाशी आली तशा त्या खुर्ची घेऊन अंगणात बसल्या.

“एवढी आगगाडी आणली म्हंजी लाकूड लईच दिसतंय तुमाला.”

“दुसरी मिळाली नाही, काकू.”

“मिळत न्हाई कशी? मी बसते इथंच.”

काम नीट चाललं. टाकीवरच्या जड फांद्या एकेक करून खाली आल्या. वैजनाथने एकही आपटू दिली नाही. शेवटची फांदी गेल्यावर शांतवन बेचक्यात बसला, मशीन बंद करून दोरीने खाली सोडलं आणि आपली दोरी पट्ट्यात अडकवली.

“सोडू का?” वैजनाथने विचारलं.

“थांब. मिरजगावचा अमृत तुला काय देणार होता?”

वैजनाथने वर बघितलं नाही. तो हातातल्या दोरीकडे बघत राहिला.

“खाली ये, मग बोलू.”

“खाली आल्यावर तू काहीही सांगशील. आत्ता बोल.”

“आन् तू वर बसून इचारतोस व्हय? दोरी कुनाच्या हातात हाय, ध्यानात हाय ना?”

“म्हणूनच विचारतोय.”

कडूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. “कोन काय देतंय रं?”

“पेढे,” वैजनाथ म्हणाला. मग वर बघून म्हणाला, “देनार हुता. ट्रॉली खपली तर. आकडा ठरला न्हवता.”

“त्या ट्रॉलीचा एक्सल मोडून जोडलाय. माहीत होतं तुला?”

“न्हाई. आईच्यान न्हाई.”

दोरी हलली नाही. खोटं बोलताना वैजनाथची दोरी हलते की नाही, हे शांतवनला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत ते तपासायची वेळ आली नव्हती.

“असं का केलंस मग?”

“का म्हंजी?” आता वैजनाथचा आवाज चढला. “तू राहुरीला कुनाच्या लग्नाला गेल्तास? पंधरा दिवसांमागंच मी घरी फोन केला, तर वहिनी म्हनल्या, विंच बघायला जायचं चाललंय. विंच म्हंजी काय ते मोबाईलवर बघितलं मी. बटन दाबलं की फांदी खाली. मग मी काय करू? खाली उभा राहून टाळ्या वाजवू?”

शांतवनने पट्ट्यातली दोरी पुन्हा एकदा चाचपली.

“मला कवा सांगनार हुतास? दारात यंत्र उभं राह्यल्यावर?”

“माझं काही ठरलं नव्हतं.”

“माझंबी ठरलं न्हवतं.”

“तुमचं ठरंल तवा ठरंल,” कडूबाई म्हणाल्या. “तो वाळका खुंट तसाच ऱ्हायलाय टाकीकडं. तेवढा काढा, मग लागा एकमेकांच्या उरावर.”

खुंट काढावाच लागला. मशीन पुन्हा वर गेलं, खुंट कापला गेला, तोही दोरीवर शांतपणे खाली आला. मग शांतवनची पाळी. वैजनाथने त्याला नेहमीच्या गतीने सोडलं आणि जमीन हाताच्या अंतरावर आली तिथे दोरी आवळली. शांतवन पाय हलवत लोंबकळत राहिला.

“फुडल्या येळंला राहुरीला मीबी येनार,” वैजनाथ म्हणाला.

“उतरव आधी.”

“व्हय म्हन.”

“व्हय.”

त्याने दोरी सोडली. त्या दिवशी दोघं लाकडाच्या मोलावरून कडूबाईंशी एकमताने भांडले. ट्रॉली केवढी आहे, यावरून त्या शेवटपर्यंत हटल्या नाहीत.

राहुरीला दोघं एका मोटरसायकलवरून गेले. राधाकृष्णने ओल्या बाभळीचा ओंडका शेडच्या गर्डरवरून विंचेने खाली घेऊन दाखवला. ओंडका सरळ आणि संथ आला. वैजनाथने तो येताना बघितला आणि मान्य केलं. हातानं एवढं जमत न्हाई, असं तो स्वतःच म्हणाला. मग त्याने पट्टा कमरेला लावला.

“आता मला बांधा.”

“अहो, हे माणसासाठी नाही,” राधाकृष्ण म्हणाला. “वजनासाठी आहे.”

“माझंबी वजनच हाय.”

बऱ्याच वादानंतर, डोक्याएवढ्या उंचीवरून, खाली भुशाची पोती रचून ते झालं. तार संथ सुटली, बटण सोडताच ताडकन थांबली आणि वैजनाथचे दात एकमेकांवर आपटले. तो जबडा चोळत बाजूला झाला.

“आता तू बस,” तो शांतवनला म्हणाला.

शांतवन बसला. खाली आल्यावर त्याने पट्टा सोडला, कंबर दाबून बघितली.

“फांदीला चालेल,” तो म्हणाला.

वैजनाथने मान हलवली. ट्रॉली आणि छोटा ट्रॅक्टर घ्यायचा, विंच फांद्यांना लावायची, आणि शांतवनची दोरी पूर्वीसारखीच खालून हाताने धरायची. तिथल्या तिथे ठरलं. ट्रॉलीच्या कडा काढून-घालून बघणं शांतवनने सुरू केलं. तेवढ्यात राधाकृष्ण वैजनाथला चहाला म्हणून आत घेऊन गेला. शांतवनने ते पाहिलं आणि हातातली कड तशीच धरून ठेवली.

थोड्याच वेळात आतून हाक आली.

“भाऊ, इकडं ये. शेठ काय म्हंत्यात ते तूच ऐक. तुला न सांगता मला कायतरी देत्यात म्हनं.”

राधाकृष्ण हसला. गंमत होती, असं म्हणाला. गंमत असेल तर किमतीतून वजा करा, असं वैजनाथ म्हणाला. राधाकृष्णने तेवढी रक्कम वजा केली, पण हसणं थांबवून.

परत येताना केडगावच्या अलीकडे शांतवनने मागे वळून विचारलं, “हे तुम्ही दोघांनी आधी ठरवून तर केलं नाही ना?”

“ठरवलं असतं,” वैजनाथ म्हणाला, “तर चहा तरी पिऊन निघालो असतो.”

ट्रॉली पहिल्या पावसाच्या आधी दारात आली. गल्लीत वळते, जाळीच्या कडांत फांद्या मावतात, कडा काढल्या की खोडं. गाडी छोटी दिसत असल्याने घरमालक लाकडाच्या मोलावर फारसे अडत नाहीत. विंच वैजनाथ चालवतो. संध्याकाळी ट्रॅक्टर शांतवनच्या अंगणात लागतो, किल्ली रेबेकाजवळ जाते. रिमोट मात्र वैजनाथ रोज खिशात घालून आपल्या घरी नेतो. का, ते शांतवनने अजून विचारलेलं नाही.