शैलजाचा उपडा ग्लास

शैलजा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हर्सूलच्या घरी मागच्या ओट्यावर उभी होते आणि हातात ओला ग्लास होता. दुपारपुरतं शिवणाचं दुकान बंद करून नुकतीच आले होते. माठाशेजारी ग्लास उपडा दिसला, म्हणजे शैलजा येऊन गेली असं मी धरलं. ती तिची खूण होती. मी घरी नसले तर मागचं लोटलेलं फाटक उघडून यायची, मी माठाशेजारी भरून ठेवलेलं पाणी प्यायची, ग्लास उपडा ठेवून जायची. फोनवर तिचा भाऊ म्हणाला, "ताई सकाळीच गेली… झोपेतच." आमच्याकडच्या उन्हात ओला ग्लास किती वेळ ओला राहतो, हे मला माहीत आहे.

आमची ओळख गुलमंडीतली. कापडाच्या दुकानावरच्या खोलीत ती बायकांना इंग्रजी बोलायला शिकवायची. पहिल्याच दिवशी तिनं फळ्यावर लिहिलं, 'ड्रॉप इन'. "म्हणजे आधी न कळवता, सहज, थोडा वेळ कुणाकडं जाणं. घरगुती बोलण्यातला शब्द आहे, साहेबाला अर्ज लिहिताना वापरू नका." खुलताबादहून येणाऱ्या रुक्मिणबाई फटकन म्हणाल्या, "बाई, आमच्याकडं समदेच न सांगता येतेत. त्याला इंग्रजी कशाला लागतंय?"

"येतात, पण उठतात का? जेवून, झोपून, वर डबा भरून घेऊन जातात. त्याला ड्रॉप इन नाही म्हणत!" सगळ्या हसलो. "आणि आलेल्याला 'काय काम काढलंत' असं विचारायचं नाही. काम असतं तर फोन केला असता."

गृहपाठ म्हणून प्रत्येकीनं न कळवता दुसरीच्या घरी जायचं होतं. शैलजा माझ्याकडं आली आणि मग येतच राहिली. माझा नवरा गेला, मुलगी पुण्याला गेली, त्यानंतर या घरात माझ्याशिवाय दुसरा आवाज असायचा तो तिचाच. दहाव्या मिनिटाला उठायची. थांब म्हटलं तरी नाही.

ती गेल्यानंतरही ग्लास उपडा सापडू लागला. रोज नाही, अधूनमधून. शेजारणीला विचारलं, कामवालीला विचारलं. मांजर ग्लास पाडेल, नीट उपडा ठेवणार नाही. मुलगी घाबरली. "आई, फाटकाला कुलूप लाव आधी!" तिचं बरोबर होतं. मी कुलूप लावलं. मग ग्लास मी ठेवला तसाच, सरळ, भरलेला राहू लागला. आठवडाभर पाण्यावर धूळ बसलेली बघितली… आणि कुलूप काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. मुलीला सांगितलेलं नाही.

काल दुपारी आले. चपला काढल्या, हातपाय धुतले, मगच ओट्यावर गेले. ग्लास उपडा होता, ओला. 'काय काम काढलंस?' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. ग्लास धुतला, भरून ठेवला आणि फाटक नुसतं लोटून दुकानात गेले.