टेलला दिलेली

इंग्रजीच्या तासाला मी 'टेल' शब्दाचा अर्थ विचारते, तेव्हा इंदापूरकडच्या आमच्या शाळेत क्वचितच कुणी 'शेपूट' म्हणतं. "जितं पाणी येत न्हाय ते," असं उत्तर येतं. मी ते बरोबर धरते. शिक्षण खात्याला पटो न पटो.

थोरल्या शब्दकोशात पाहिलं, तर हा शब्द मुळात घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. केसांवरून तो अख्ख्या शेपटीवर आला, मग कशाच्याही शेवटच्या टोकावर. गोऱ्या साहेबानं कालवा खणला आणि शब्द आमच्याकडे उतरला. साहेब गेला, शब्द राहिला. पाणी सुटतं ते हेड, संपतं ते टेल. हे दोन शब्द आमच्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही येतात.

कालव्यातून शेतांकडे जो लहान पाट फुटतो त्याला आम्ही चारी म्हणतो. माझं माहेर बारामतीच्या बाजूला, एका चारीच्या हेडला. सासर त्याच चारीच्या टेलला. लहानपणी टेल म्हणजे ओरड करणारी माणसं, एवढंच मला ठाऊक. "आले टेलवाले बोंबलत," असं आमच्या ओट्यावर कुणी म्हणालं की मीही खिदळायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा आत्यानं कपाळावर हात मारला. "टेलला देताय व्हय पोरीला?" आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुलगा पाहिला होता, पाणी पाहिलं नव्हतं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही डाळिंबाची बाग लावली. रोपं गुडघ्याएवढी, उन्हाळा कडक आणि विहिरीनं तळ दाखवलेला. कालव्याच्या पाण्याची ती पाळी हुकली असती तर बाग गेलीच होती. नियम तसा साधा आहे. पाणी आधी टेलला, मग सरकत सरकत वर हेडला, आणि तोवर हेडवाल्यांनी चारीतून शेतात पाणी घ्यायची आपली दारं बंद ठेवायची. ठेवतात थोडीच! पाणी सुटून दोन दिवस झाले तरी आमच्या टोकाला ओलसुद्धा नव्हती.

अशा वेळी टेलची माणसं चारी चालतात. खोरी खांद्यावर टाकून उलटं वर जायचं, उघडं दार दिसलं की मालकाला हाक मारायची आणि त्याच्यादेखत ते बुजवायचं. शिवीगाळ नाही. माझे सासरे, तात्या, चार शेजाऱ्यांना घेऊन सकाळीच निघाले. मीही पदर खोचून मागे चालू लागले. कुठवर जावं लागणार याचा अंदाज होता.

वाटेतली तीन-चार दारं बुजवत आम्ही पार हेडला पोचलो. तिथं निम्म्याहून जास्त पाणी एका उसात शिरत होतं. ऊस आबांचा होता. आबा बांधावरच उभे होते.

तात्यांनी हाक मारली नाही. ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले. मला भयंकर लाज वाटली, कुणाची ते आजही नीट सांगता येत नाही.

"आबा, पाळी आमची हाय," मी म्हणाले. 'आमची' म्हणजे आता टेलची.

आबा चपला काढून पाण्यात उतरले, पोत्यात माती भरून दार बुजवलं आणि पायानं दाबून पक्कं केलं. एवढं करून घरी गेले असते तरी मला पुरलं असतं. पण ते आमच्याबरोबर निघाले. अडकलेला पालापाचोळा हातानं काढत, पाण्याच्या तोंडाबरोबर खाली खाली चालत राहिले. आमच्या घरी ते नेहमी रस्त्यानं यायचे आणि जेवून परत जायचे. चारी शेवटपर्यंत त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्या पायपिटीबद्दल मी आबांची जन्माची ऋणी आहे. आता पाळी सुटली की ते फोन करून विचारतात, "पाणी लेकीकडं पोचलं का?" टेल हा शब्द त्यांनी टाकूनच दिला आहे.

त्या दिवशी ऊन कलताना पाणी आमच्या शेताला लागलं. चारीच्या तळाला एवढ्या भेगा पडलेल्या, की पहिलं पाणी त्यांनीच पिऊन टाकलं. आबा ते पाहत उभे राहिले.

"तात्या, पोरगी तुमाला दिली," ते म्हणाले, "अन् तिच्या वाटणीचं पाणी मीच पीत ऱ्हायलो."

तात्यांना त्या वेळी चार शब्द सुनवता आले असते, आणि शेजारी ऐकायला टपलेच होते. तात्यांनी मात्र व्याह्यांना खाली पाहायला लावलं नाही. त्यांच्या त्या मोठेपणावर मी त्या घरात आजवर ताठ मानेनं वावरले आहे. त्यांनी आपलं खोरं आबांच्या हातात दिलं.

"पाव्हणं, बागंचं पहिलं दारं तुमी धरा."

आबांचे डोळे भरून आले होते. पुसायला हात मोकळा नव्हता. ते तसेच वाकले, खोऱ्यानं माती ओढली आणि पाणी माझ्या डाळिंबांकडे वळवलं.