धुतलेले शेवाळ

परवा वाशीच्या एका दुकानात कुत्र्यामांजरांच्या खाण्याच्या डब्यांमध्ये हिरव्या भुकटीची बरणी दिसली आणि इतक्या वर्षांनी ते प्रकरण पुन्हा डोळ्यांपुढे आले. बरणीवर लिहिले होते: शेवाळापासून बनवलेले पूरक खाद्य, पक्ष्यांच्या पिसांना चकाकी, कुत्र्यांच्या केसांना तकाकी. दुकानदार मला त्याचे फायदे समजावू लागला. मी म्हटले, "ठाऊक आहेत. या भुकटीपायी मी एका माणसाला कोठडीत घातले होते." तो हसला. त्याला वाटले, म्हातारा चेष्टा करतोय.

तेव्हा ऐंशीचे दशक संपत आले होते. मी वाशीत फौजदार होतो. शहर अर्धे उभे, अर्धे खणलेले. इमारतींना रंग नवा, पण नळाला पाणी मनात येईल तेव्हा. ठाण्यात तक्रारी यायच्या त्या सायकलचोरीच्या, नाहीतर वरच्या मजल्यावरून टाकलेल्या कचऱ्याच्या. अशात एका सकाळी बँकेतले एक अधिकारी सपत्नीक आले आणि त्यांनी टॉवेलमध्ये गुंडाळलेला मेलेला पामेरियन कुत्रा ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या हातात पिंजरा होता. त्यात लव्हबर्डची जोडी पाय वर करून पडलेली.

"ही साधी केस नाही, इन्स्पेक्टर. मर्डर आहे हा," ते म्हणाले.

मी इन्स्पेक्टर नव्हतो, पण दुरुस्ती केली नाही. त्यांच्या पत्नीचे रडे थांबत नव्हते. त्यांना मूलबाळ नव्हते. कुत्रा त्यांच्या गादीवर झोपायचा, हे त्यांनी तीनदा सांगितले. लोक अशा बाईंना हसतात. मला हसू आले नाही.

त्यांच्याच इमारतीत आणखी दोन घरांतले पक्षी त्याच आठवड्यात गेले होते. सगळ्या घरांत एकच गोष्ट समान होती, ती म्हणजे खाण्यात घालायची हिरवी भुकटी. ती कुठून आली याची खबर पाळीव प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानदाराने आपण होऊन दिली. "बाजाराच्या फाटकाबाहेर उरणकडचा एक म्हातारा बसतो, साहेब. पुड्या विकतो. आत काय घालतो, त्याचं त्यालाच माहीत." या दुकानदाराचे स्वतःचे परदेशी डबे त्या म्हाताऱ्यामुळे पडून होते, हेही आम्हाला ठाऊक होते. पण खबर ती खबर. जनावरांना विष घालून मारल्याची कलमे लावून गुन्हा नोंदवला आणि म्हाताऱ्याला उचलले.

आगरी माणूस. अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, हातात पुड्यांची टोपली. त्याची भातजमीन नव्या शहरात गेली होती. उरले होते घर, बदके, कोंबड्या आणि गावचे तळे. त्या तळ्यातले शेवाळ खाऊन त्याच्या बदकांच्या अंड्यांचा बलक शेंदरी व्हायचा. शहरातल्या एका गिऱ्हाइकाने कारण विचारले, यानेही सांगून टाकले, आणि तिथून हा धंदा सुरू झाला.

चौकशीत तो एकच गोष्ट घोळवत राहिला. "शेवाल हाय, साहेब. दुसरा काय पन नाय." पुडी फोडून चिमूटभर तोंडात टाकायला निघाला, तेव्हा हवालदाराने हात धरला.

"घरच्या कोंबड्यांना ही भुकटी घालतोस?" मी विचारले.

"नाय."

"का?"

"त्यांना कशाला? त्या तल्यावरच असतान."

गावात माणूस पाठवला, तर म्हाताऱ्याच्या कोंबड्या, बदके अगदी टुणटुणीत. हवालदार खूश झाला. "साहेब, काम झालं. स्वतःची जनावरं धडधाकट, गिऱ्हाइकांची मेली. घरच्यांना घालत नाही म्हणजे याला माहितीय आत काय आहे." कागदावर हे फार झकास दिसत होते. वरिष्ठांनाही पटले. मला मात्र एक गोष्ट टोचत होती. बाजारात तो वर्षभर त्याच जागेवर, त्याच लोकांना भुकटी विकत होता. विष घालणारा माणूस पुन्हा दुसऱ्या दिवशी तिथेच येऊन बसत नाही.

मेलेली जनावरे तपासणाऱ्या पशुवैद्यांना मी जाऊन भेटलो. डॉक्टर म्हणाले, "शेवाळ चांगलंच असतं हो. प्रथिनं असतात, जीवनसत्त्वं असतात. कोंबड्यांना, बदकांना मानवतं. भानगड एकच, ज्या पाण्यात राहील त्यातलं सगळं ते शोषून घेतं. बरंही आणि वाईटही."

मग मी म्हाताऱ्याला घेऊन पंचांसह त्याच्या गावी गेलो. त्याला म्हटले, "तू रोज जसं करतोस तसंच पहिल्यापासून करून दाखव. काही गाळायचं नाही."

तो गुडघाभर पाण्यात उतरला. शेवाळाचे लगदे काढून काठावर टाकले. त्याच्या कोंबड्या लगेच धावत आल्या आणि त्या ओल्या ढिगावर तुटून पडल्या. पंचांपैकी एकाने त्या मरतात का म्हणून बराच वेळ टक लावून पाहिले. मग म्हातारा ढीग टोपलीत भरून घरामागे गेला. तिथे सावलीत, फडक्याने झाकलेला, निळ्या प्लॅस्टिकचा एक उंच ड्रम होता.

"हा कशाला?"

"धुवाला. आधी तल्यानच खंगलायचो. मंग ते बँकवाले साहेब बोलले, बाबा, तुझ्या पावडरीन वालू लागते, वास मारतो, साफ करून आन. गिऱ्हाईक बोलला त ऐकाला नको? भंगारवाल्याकडशी खास घेतला, पंधरा दिस झाले. रातभर भिजत ठेवतो यान, मंग सुकवून कुटतो."

मी ड्रममध्ये डोके घातले. ढेकूण मारायच्या औषधाचा वास येत होता. फिकट, पण ओळखू येण्याजोगा. बाहेरून कारखान्याचे लेबल खरवडून काढलेले, त्याचा कोपरा तेवढा चिकटून राहिलेला.

"अरे, हा कीटकनाशकाचा ड्रम आहे!"

"साबनान धुतलाय, साहेब. दोनदा."

"घरात पाणी कशात भरता?"

"आमचा मडका हाय ना. डरम गिऱ्हायकासाठी."

ते वाक्य मी पंचनाम्यात तसेच लिहिले. या माणसाने घरातली सगळ्यात नवी, सगळ्यात चांगली वस्तू अनोळखी लोकांच्या पोपटांसाठी राखून ठेवली होती आणि स्वतः मडक्यातले पाणी पीत होता. म्हणून त्याचे सगळे वाचले.

मुंबईच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. ड्रममध्ये, भुकटीत आणि कुत्र्याच्या पोटात एकच विष. लेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यावरून ड्रमचा माग काढत मी जवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कीटकनाशकांच्या कारखान्यात गेलो. तिथल्या साहेबांनी मला थंड खोलीत बसवले आणि गोड आवाजात सांगितले, "रिकामा ड्रम फाटकाबाहेर गेला की आमचा संबंध संपला." भंगारवाला म्हणाला, मी तर रिकामाच घेतला. मी वरिष्ठांना लिहून दिले की असे ड्रम अजून विकले जात आहेत, लोक त्यांत पाणी भरत आहेत, तातडीने काही करावे. बोलावणे आले. "फौजदार, तक्रार कुत्र्याची आहे. ड्रमची तक्रार आली की ड्रमचं बघू."

विष मुद्दाम घातल्याची कलमे गळाली, हलगर्जीपणाचे राहिले. मी वकील मिळवून देतो म्हणालो. म्हाताऱ्याने ऐकले नाही. कोर्टात सरळ गुन्हा कबूल केला. बाहेर आल्यावर मी चिडून विचारले, "कशाला कबूल केलंस?"

तो म्हणाला, "हातान माज्याच दिला ना त्या बाईला. कुतरा मेला तिचा."

कारखान्याच्या कुणाच्या तोंडून हे वाक्य मी ऐकले नाही. भंगारवाल्याच्याही नाही.

शिक्षा किरकोळ झाली. खरी शिक्षा गावात झाली. विषवाला म्हणून त्याच्याकडची अंडीसुद्धा कुणी घेईना. फाटकाबाहेरची त्याची जागा दुसऱ्या कुणी पटकावली. पुढे एकदा त्या बाजूला गेलो, तर तळ्यावर भराव पडत होता आणि घराला कुलूप होते. कुणाला विचारण्याची मला इच्छा झाली नाही.

तपासात गुन्हेगार सापडतो तो बहुधा शेवटच्या हाताचा धनी असतो, हे त्या प्रकरणाने मला शिकवले. त्याच्या मागच्या हातांपर्यंत आमचे कागद पोहोचत नाहीत. पोहोचले तरी त्यांना थंड खोलीत बसवून परत पाठवतात. तीस वर्षांच्या नोकरीत मी याला सरावलो असे लोक म्हणतात. मी सरावलो नाही.

खटला निकाली निघाल्यावर मुद्देमाल परत करायचा असतो. म्हणून तो पिंजरा घेऊन मी स्वतः बँकवाल्या साहेबांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने पिंजरा घेतला आणि आत नेला. साहेब मात्र खुशीत होते. पोलिसांचे काम कसे चोख झाले, याबद्दल त्यांनी माझे आभार मानले. म्हाताऱ्याने ती भुकटी कुणाच्या सांगण्यावरून धुतली, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मी फक्त स्वच्छ मागितली होती."

बोलता बोलता माझी नजर त्यांच्या गॅलरीत गेली. पाण्याचा निळा ड्रम. तेवढाच उंच, लेबल तसेच खरवडलेले.

"हा कुठून घेतला?"

"भंगारवाला आला होता दारावर. सोसायटीत सगळ्यांनीच घेतलेत. पाण्याचं टेन्शन बघताय ना इथलं?"

मी त्यांना ड्रमचे सगळे सांगितले. अहवाल, वास, लेबल. ते शांतपणे ऐकत होते, आणि मग लहान मुलाची समजूत काढावी तसे हसले.

"अहो, साबणाने धुतलाय. दोनदा."

हेच वाक्य म्हणणाऱ्या माणसाला मी हातकडी घालून कोर्टात नेले होते. साहेबांनी आत हाक मारून दोन कप चहा टाकायला सांगितला. मी नको म्हणालो.