चौदाचं ॲव्हरेज

आमच्याकडे नवी गाडी आली की तिची किंमत कुणी विचारत नाही, ती गावाला आधीच कळलेली असते. विचारतात ते एवढंच, "देती किती?" मी फोर बाय फोर पिकअप घेऊन राजुरीत शिरलो तेव्हा चहाच्या टपरीवर सात-आठ जण हाच प्रश्न घेऊन बसले होते.

गाडी सेकंडहँड, पण दिसायला पैलवान. आदल्या वर्षी येडगावच्या धरणाकाठच्या आमच्या रानात टोमॅटोने भरलेली भाड्याची गाडी रुतली होती. दोन ट्रॅक्टर लावून ती काढेपर्यंत बाजार उठला. त्या रागात मी ही घेतली. चारही चाकांना जोर लागतो, त्यामुळे चिखलातून ही म्हशीसारखी आरामात निघते. तहानही म्हशीचीच आहे.

गाडी घेऊन येतानाच वाटेत मी टाकी फुल करून मोजलं होतं. लिटरला दहा किलोमीटर. पण टपरीवर साध्या पिकअपवाल्यांचे चौदा-पंधराचे आकडे आधीच मांडून झालेले, तिथे दहा म्हणायला माझी जीभ रेटेना. "चौदा," मी म्हणालो. "लोड असला तर तेरा." हे तेरा मी खोटं खरं वाटावं म्हणून घातलं होतं आणि त्याचा मला अजून थोडा अभिमान आहे.

या भानगडीत मी एक गोष्ट विसरलो. आमच्या गावात मागून नेलेल्या गाडीचं भाडं देत नाहीत. जेवढे किलोमीटर फिरली तेवढ्याचं डिझेल टाकायचं, तेही मालकाने सांगितलेल्या ॲव्हरेजने. चौदा ऐकून निम्मं गाव माझ्या गाडीच्या प्रेमात पडलं. कुणाला लग्नाचा बस्ता आणायचा, कुणाला मंचरला कांदा न्यायचा, कुणाला सासूला घोडेगावला सोडायचं. लोक एकशे चाळीस किलोमीटर फिरून येत, इमानदारीत दहा लिटर टाकत आणि वर म्हणत, "मोजून टाकलंय राव, थेंबबी कमी न्हाई." टाकीतून चौदा लिटर गेलेले असत. मी हसून मान डोलवायचो. बायको म्हणायची, "सांगून टाका ना एकदाचं." पण महिनाभर चौदा म्हटलेल्या माणसाने एकदम दहावर कसं यायचं?

मग एके दिवशी टपरीवर तात्या आले. तात्या माझे थोरले चुलते. आमच्या घरात मेंढरं राखणारे आता तेवढेच उरलेत, बाकी आम्ही सगळे शेतीत उतरलो. गुडघे कुरकुरतात, तरी आणे गावच्या पठारावर कळपामागे हिंडतात. माझ्याशेजारी बसत म्हणाले, "मलाबी आसलीच गाडी बघ. चारा, पानी, लहान कोकरं, समदं पठारावर नेता यील. निम्मी मेंढरं काढतो आन् घेतो. चौदा देती म्हंजी परवडंल की."

तोंड उघडायची वेळ तीच होती. पण सगळी टपरी कान देऊन बसलेली. त्यात एकाने काडी लावली, "तात्या, घ्यायच्या आदी फुल टू फुल करून बगा." झालं, रविवार ठरला.

रविवारी सकाळी पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. तात्यांनी गाडी धरून गदागदा हलवायला लावली, पोत्यात ज्वारी बसवतात तशी. आणखी थोडं मावलं. रस्ता ठरलेला होता. आधी आणे, मग माघारी फिरून येडगाव, आणि पुन्हा पंप. सत्तर किलोमीटर.

इतकी सभ्य गाडी मी आयुष्यात चालवली नाही. एसी बंद, वारा अडू नये म्हणून काचाही बंद, काटा पन्नासच्या पुढे नाही. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरने हॉर्न देऊन आम्हाला मागे टाकलं. तात्या घाम पुसत म्हणाले, "बरं वाटत न्हाई का रं तुला?"

येडगावला आमच्या शेजारच्या रानात खतासाठी कुणाचीतरी मेंढरं बसवली होती. मेंढरं दिसल्यावर तात्या गाडीत थांबणार नाहीत, हे मी धरूनच चाललो होतो. ते बांधावरून तिकडे गेले आणि मी शेडकडे पळालो. ट्रॅक्टरच्या कॅनमधून दोन लिटरची बाटली भरली, टाकीत ओतली, मातीने हात चोळले. हिशोब आदल्या दिवशीच केलेला. सात लिटर जळणार, दोन मी घालणार, पंपावर पाच बसणार. चोरी साधल्याचा मला मनापासून आनंद झाला, खोटं कशाला बोलू? तात्यांची मेंढरं त्या वेळी माझ्या डोक्यातही नव्हती. मला फक्त टपरीवर मान ताठ ठेवायची होती.

पंपावर बरोबर पाच लिटर बसलं. तात्यांनी बोटांवर भागाकार केला, हसले आणि तिथेच उभ्याउभ्या व्यापाऱ्याला फोन लावला. "मंगळवारी या. निम्मी देतो. न्हाई, ती कान फाटल्याली म्हातारी ऱ्हाऊ द्या. ती न्हाई द्यायची."

ती म्हातारी मेंढी त्यांनी बाटलीने दूध पाजून जगवली होती, मला माहीत होतं.

"तात्या, फोन ठेवा," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. दहा, बाटली, शेड, सगळं.

तात्यांनी फोन बंद करून खिशात टाकला. मग म्हणाले, "मेंढरं किती म्हनून कुनी इचारलं, तर आमी चार कमीच सांगतो. दिष्ट लागाया नको म्हनून. तू चार वाढवून सांगतोस. तुला दिष्ट लावून घ्यायची हौस हाय का रं?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"मला ॲव्हरेजातलं काय कळतंय? पंपावर आलो ते त्या लोकांच्या समाधानासाठी. मेंढरं काढायचं मी तू चौदा म्हनलास तवाच ठरवलं व्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पुन्हा फोन लावून व्यापाऱ्याला येऊ नका म्हणून सांगितलं आणि गाडीत बसत म्हणाले, "चल टपरीवर."

टपरीवर सगळे वाटच बघत होते. मी उभ्यानेच सांगितलं, "दहा देते."

काडी लावणारा लगेच ओरडला, "वळखलं! आता जास्त डिझेल टाकून घ्यायचं म्हनून कमी सांगतोय भाऊ!" सगळ्यांना ते एकदम पटलं. मी देवाची शपथ घेतली, पोरांची घेतली. जेवढ्या शपथा घ्याव्यात तेवढा त्यांचा संशय वाढत गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्या टपरीवर खरं बोललो होतो आणि मला रडू यायचं बाकी होतं.

तात्यांनी बशीतला चहा संपवला, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"दहाच देती. मी बसलो व्हतो गाडीत."

तात्यांचं मात्र सगळ्यांनी लगेच मानलं. बाटलीचं तात्यांनी तिथे सांगितलं नाही, आणि आजवर कधीच सांगितलेलं नाही.